दारावरचं सूप

लातूरच्या गुंडप्पाला रोज दुपारी एक फोन यायचा, आणि तो चुकून यायचा. चूक गुंडप्पाचीच होती. ती कुठं झाली हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि चहा उकळायच्या आत ती दुरुस्त होईल हेही ठाऊक होतं. तरी तो तिला हात लावत नव्हता. दुरुस्त केली की फोन बंद, आणि त्या फोनाखेरीज दिवसभरात गुंडप्पाशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

पण हे नीट समजायचं तर आधी दारांची हकीकत ऐकली पाहिजे.

गुंडप्पाचं जुनं गाव औशाच्या पलीकडं, दगडामातीच्या घरांचं. बोळ असे की दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला मागं फिरावं लागायचं. पण त्या गावात आंधळा माणूसही चुकत नव्हता. कुठं तेलाच्या घाण्याचा वास, कुठं लोहाराचा भाता, कुठं दीड पायरी. त्र्याण्णव साली गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटेच्या भूकंपात गाव राहिलंच नाही. सात वर्षांचा गुंडप्पा त्या रात्री हट्ट करून बापाबरोबर शेतात राखणीला गेला होता, म्हणून बाप-लेक उरले. आई जगदेवी आणि पाळण्यातली बहीण घरात होत्या.

मग सरकारनं दूर माळावर नवं गाव बसवलं. रस्ते रुंद, ओळी सरळ, घरं एकसारखी, दारं एकसारखी, दारावर आकडे. कागदावर बघणाऱ्याला फार सुंदर दिसायचं. पण राहणारा माणूस कागदावर थोडाच राहतो? गुंडप्पाचा बाप चंद्रप्पा. त्याला आकडे वाचता येत नव्हते. एकदा बाजारातून आला, दार ढकललं, बाजेवर बसला आणि जुन्या सवयीनं म्हणाला, "पाणी दे गं." आतून एका बाईनं तांब्या आणून दिला. चहाही टाकला. चहा पिऊन झाला तेव्हा ती पदर सावरत म्हणाली, "पावणं, कुण्या गावाचं म्हणायचं?"

चंद्रप्पा म्हणाला, "आता गं! पावणी तू. घर माझं हाय."

"तुमचं? मग ही चूल कुणाची, ही पोरं कुणाची?"

चंद्रप्पानं चूल बघितली, पोरं बघितली, आणि कपाळावर हात मारून घेतला. त्याचं घर आणखी दोन ओळी पलीकडं होतं. ही बाई तारामती. तीही गावात नवीच, तिला वाटलं सासरकडचं कुणी लांबचं असेल. पुढं कितीतरी वर्षं ती त्याला रस्त्यात हाक मारायची, "ओ घरमालक, चहा घेऊन जावा!" सगळी ओळ हसायची. पण त्या दिवशी घरी आल्यावर चंद्रप्पा उंबऱ्यावर बसून बराच वेळ रडला होता. घर चुकलं म्हणून नव्हे. घर चुकलं तरी हाक मारून बोलावणारी कुणी घरात नव्हती म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यानं ढिगाऱ्यातून निघालेलं जगदेवीचं सूप, ज्वारी पाखडायचं, एका बाजूनं फाटलेलं, दाराच्या वर खिळ्यानं ठोकलं. सूप दिसलं की घर आलं. बघून बघून गावानं तेच केलं. कुणी बैलाचं शिंग टांगलं, कुणी चाळण, कुणी चाकाची लोखंडी धाव. पोस्टमनसुद्धा आकडा वाचायचा सोडून विचारायला लागला, "शिंगवाले कुठं राहतात?"

एवढं लक्षात ठेवा. पुढं कामाला येईल.

गुंडप्पा शिकायला लातूरला आला आणि एका सायबर कॅफेत कामाला लागला. तिथंच इंटरनेटवरची पानं बनवायला शिकला. त्या काळातली पानं काय वर्णावीत! मजकूर उजवीकडून डावीकडं पळायचा, "नवीन" हा शब्द लुकलुकायचा, मागं गुलाबाची फुलं, फुलांवर पिवळी अक्षरं, आणि खाली आजवर किती जण येऊन गेले त्याचा आकडा. एका मिठाईवाल्यानं त्याच्याकडून असं पान करून घेतलं आणि दिवसभर स्वतःच ते पुन्हा पुन्हा उघडत बसला. आकडा हजारावर गेला तेव्हा त्यानं गल्लीत पेढे वाटले. आलेला एकच माणूस होता, तोच हजार वेळा आला होता. पण पेढे खरे होते.

पुढं लातूरला क्लासचा पूर आला. अख्ख्या मराठवाड्यातून पोरं यायला लागली. नांदेडची, उमरीची, हिमायतनगरची, डोक्यावर पेटी आणि हातात गादीची वळकटी. नांदेडचे क्लास लातूरच्या पोरांना ओढायचे आणि लातूरचे नांदेडच्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलकावर हसणारे चेहरे आणि चेहऱ्याखाली गुण. बघता बघता गुंडप्पा त्या गल्लीतला वेबसाईटवाला झाला. खोली एक, खिडकी एक, खिडकीसमोर मुलींचं वसतिगृह आणि त्याच्या खाली शरणम्माची मेस. वसतिगृहात मोबाईल ठेवायला बंदी, पोरींचं घरी बोलणं आठवड्यातून एकदाच. शरणम्मा निलंग्याकडची. मराठी बोलता बोलता कानडीत शिरायची. मुलींच्या पंगती उठल्या की आसपासचे एकटे पुरुष जेवायला यायचे, त्यात गुंडप्पा. ती सगळ्यांना एकच विचारायची, "ऊट आयता?" जेवण झालं का. जेवायला आलेल्या माणसालाही हेच विचारायची. गुंडप्पाची आई त्याला हेच विचारायची, ह्याच शब्दांत. पण शरणम्मा विचारून पुढच्या ताटाकडं जायची, उत्तराला थांबायची नाही. तिला शंभर ताटं होती.

बाप चंद्रप्पा वारला आणि गावचं घर बंद झालं. गुंडप्पाचं लग्न जुळता जुळता राहिलं. "पोरगा काय करतो?" असं विचारलं की मध्यस्थाला सांगताच यायचं नाही. दुकान नाही, नोकरी नाही, दिवसभर डब्यासमोर बसतो. राहता राहता राहूनच गेलं. मोबाईल वाजला तर मोबाईल कंपनीच्या जाहिरातीचा नाहीतर गिऱ्हाइकाचा. सणाच्या दिवशी तर तोही नाही.

गिऱ्हाइकांत मोठं गिऱ्हाईक शिखरवेध क्लासेसचे हत्तरगे सर. माणूस दिलदार, हौशी. एकदा म्हणाले, "गुंडप्पा, साईट उघडली की रॉकेट उडालं पाहिजे. सूं करून! वर जाऊन फुटायचं आणि त्यातून आपले टॉपर बाहेर."

"सर, खेड्यात रेंज कमी हाय. रॉकेट अडकून बसंल."

"अडकत नाही. माझ्या केबिनमध्ये बघितलंय मी."

रॉकेट केलं. केबिनमधल्या मोठ्या पडद्यावर ते दिमाखात उडायचं. हिमायतनगरच्या एका बापाच्या मोबाईलवर धूर तेवढा आला आणि तिथंच थांबला. त्यानं फोन करून विचारलं, "सर, क्लासला आग लागली का काय? पोरगं बरं हाय न्हवं?"

हा फोन कुणाला आला? गुंडप्पाला. कारण तीच ती चूक. पान बनवताना क्लासचा नंबर मिळाला नव्हता, म्हणून जागा भरायला त्यानं स्वतःचा टाकला. नंतर नंबर मिळाला, त्यानं बदललाही. पण मोठ्या पडद्यावरचा बदलला. मोबाईलवर तेच पान वेगळं मांडलेलं असतं, तिथं जुनाच राहिला. सर बघायचे केबिनमध्ये, त्यांना क्लासचा दिसायचा. आईबाप बघायचे मोबाईलवर, शेतात, बसस्टँडवर, दळणाच्या रांगेत. त्यांना गुंडप्पाचा दिसायचा.

पहिल्या आठवड्यात तो प्रत्येकाला सांगायचा, चुकीचा नंबर लागलाय. मग एकदा उमरीहून गुणाबाई नावाच्या आईचा फोन आला. ती काही ऐकूनच घेईना. "साहेब, तेवढं सांगा, आमची आरती जेवली का? काल आवाज बसल्यावानी वाटला." गुंडप्पा मेसवर जाऊन विचारून आला आणि त्यानं तिला सांगितलं. त्या बाईनं त्याला एवढे आशीर्वाद दिले की फोन ठेवल्यावरही तो कानाला लावून बसला.

तेव्हापासून त्यानं नंबर काढला नाही. उद्या काढू, म्हणायचा. हळूहळू त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. पानावर फी होती, निकाल होते, रॉकेट होतं, सरांचा हार घातलेला फोटो होता. आणि फोन करणारा यातलं एकही विचारत नव्हता. पोचली का, जेवली का, झोपती का, एवढंच. त्यांच्या प्रश्नाला त्या पानावर दारच नव्हतं.

त्या सगळ्यांत रोजचा फोन खाजामियाँचा. नांदेडला इतवाऱ्याच्या बाजूला त्यांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान, तीन पिढ्यांचं. लातूरला शिकायला निघालेली कितीतरी पोरं त्यांचीच पेटी घेऊन यायची. पेट्या सगळ्या सारख्या, म्हणून प्रत्येकीच्या झाकणावर ते काहीतरी रंगवून द्यायचे. धाकटी मुलगी जिक्रा लातूरला आली तेव्हा तिच्या पेटीवर पोपट काढला. बायको दिलशाद गेलेली, थोरला जावेद हैदराबादला, आता जिक्राही गेली. दुपारची नमाज झाली की दुकानात बसून ते फोन लावायचे.

"गुंडप्पा बेटा, खैरियत? पोपटवाली जेवली का?"

"हाव चाचा, जेवली. आज वांगं होतं."

"वांगं? मग अर्धीच जेवली आसंल. घरी ताट फिरवायची."

"न्हाई, शरणम्मा म्हणली, दुसऱ्यांदा घेतलं."

"या अल्ला! म्हणजी शरणम्माचं वांगं तिच्या अम्मीपेक्षा बेस. बोलू नको कुणाला."

मग गप्पा. पत्र्याचा भाव, लोहा गावच्या बाजारातली गर्दी, जावेदचं पोरगं. खाजामियाँना बोलायची एवढी हौस की समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी म्हणायचे, थांब रे, लातूरचा फोन हाय. एकदा त्यांनी विचारलं, "बेटा, तुझ्या घराच्या दारावर काय?" तेव्हा गुंडप्पानं सुपाची सगळी गोष्ट सांगितली, चहा पिऊन आलेल्या बापासकट. खाजामियाँ पोट धरून हसले. मग म्हणाले, "सूप अजून हाय का दारावर?"

"हाय. पण दार बंद हाय."

"मंग तू आता सूपवाला. आमची पोपटवाली, तू सूपवाला."

गुंडप्पा दुपारच्या वेळी कुठलं काम घ्यायचा नाही. हात धुऊन, मोबाईल समोर ठेवून बसायचा. 

आणि इथंच घोटाळा झाला. परीक्षा जवळ आल्या तशी सरांनी पानावर नवं काहीतरी चालू करायची घाई लावली. आता सगळीकडं सरकते फोटो आणि मधेच उघडणाऱ्या चौकटींची फॅशन होती, ते सगळं सरांना हवं होतं. गुंडप्पा खोलीतून हलेना. मेसचा डबा वर मागवायचा. खाजामियाँचा फोन आला. "पोपटवाली जेवली?" खाली जाऊन विचारायचं म्हणजे फोन ठेवावा लागणार, आणि ठेवला की गप्पा गेल्या. गुंडप्पा म्हणाला, "हाव चाचा, जेवली." दुसऱ्या दिवशीही तसंच म्हणाला. पुढं तर प्रश्न संपायच्या आत त्याचं 'हाव' तोंडातून निघायला लागलं.

एका दुपारी फोन आला तो असा, "बेटा, कुठं हायस? मी तुझ्या लातुरात. शरणम्माच्या मेसमधी बसलोय."

एका गिऱ्हाइकाची पेटी पोचवायला ते आले होते. गुंडप्पा जिना उतरला. चेहरा पहिल्यांदाच बघत होता. आवाजावरून धिप्पाड वाटले होते, निघाले काडीसारखे, पांढरी दाढी, नखांत रंग. शेजारी शरणम्मा पोळीच्या पिठाचे हात घेऊन उभी.

शरणम्मा म्हणाली, "पोरगी तीन दिस झालं खाली येईना की. टेस्टमधी मार्क पडले न्हाईत म्हणून चादर ओढून निजली. आज मीच ताट घेऊन वर गेले, दोन घास भरवले. ह्यांना म्हणलं, अवो, कळवलं न्हाई का कुणी तुम्हाला?"

खाजामियाँ गुंडप्पाकडं बघत राहिले. "तू क्लासच्या हाफिसातला न्हाईस?"

"न्हाई चाचा. मी त्यांची साईट बनवतो. माझा नंबर चुकून राहिला."

"मंग उचलायचास कशापायी?"

गुंडप्पानं मोबाईल दोन्ही हातांत घट्ट धरला. पलीकडच्या भिंतीकडं बघत उभा राहिला. खाजामियाँना ते दिसलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ते रागावलेही नाहीत. टोपी काढून झटकली, परत घातली आणि म्हणाले, "रोज तू 'जेवली' म्हणायचा, मंग मी माझा डबा उघडायचो. हे तीन दिस बी उघडला, बेटा."

आणि ते वर लेकीकडं निघून गेले.

गुंडप्पा त्या दिवशी जेवला नाही. त्यानं दारं पाहिली होती, चुकलेली माणसं पाहिली होती, आणि त्याच माणसानं लोकांना खोट्या दारात उभं केलं होतं. नंबर काढायचाच होता. पण नुसता काढला तर ही सगळी माणसं पुन्हा धुराकडं बघत बसणार. म्हणून तो हत्तरगे सरांकडं गेला.

"सर, मोबाईलवरच्या पानावर बाकी काही नको. एक ताट पाहिजे."

"ताट?" सर हसले. "अरे, आपण डॉक्टर घडवतो, खानावळ नाही चालवत."

"फोन फक्त ताटासाठी येतेत, सर."

"कुणाला येतात? मला तर एक नाही आला."

"मला येतेत," गुंडप्पा म्हणाला, आणि मग सगळंच सांगितलं. नंबराचं, रॉकेटच्या धुराचं, तीन दिवसांचं. सर तापले. नंबरावरून तर फारच तापले. म्हणाले, "क्लासची अब्रू तू तुझ्या खिशात घेऊन फिरत होतास!" गुंडप्पा मान खाली घालून उभा. बोलून बोलून सर दमले, खुर्चीत टेकले, मेजावरचा मोबाईल उगाच उचलला, ठेवला. त्यांचा मुलगा सत्यम. इथं अख्ख्या मराठवाड्याची पोरं त्यांच्याकडं येत होती, आणि स्वतःचं पोरगं त्यांनी हैदराबादला ठेवलं होतं, कारण बापाच्या क्लासात पोरगं शिकत नाही.

"सत्यमच्या क्लासची साईट फार भारी आहे," ते म्हणाले. "पण तो जेवला का, ते त्यात कळत नाही."

"न्हाई कळत, सर."

"कर तुझं ताट. पण टॉपरचे फोटो खाली राहू देत."

"खाली राहू द्या, सर. खुशाल."

मग गुंडप्पानं ते पान केलं. पानं त्यानं पुष्कळ केली होती. हे मात्र दारासारखं केलं. नाव-पासवर्ड काही नाही. गुणाबाईला पासवर्डात मोठं अक्षर, छोटं अक्षर आणि वर एक फुली घालायला सांगायची म्हणजे तिला उखळात डोकं घालायला सांगण्यासारखं. आईबापाच्या मोबाईलवर एक निरोप जायचा, त्यावर बोट ठेवलं की आपलं चित्र. चित्र ज्यानं त्यानं निवडायचं. गुणाबाईनं विळा निवडला, अर्धापूरच्या एका बापानं केळीचा घड. चित्राखाली ताट. पोरगी जेवली की ताट भरलेलं, नाही तर रिकामं. बाकी कोरं. रेंज एक काडी असली तरी उघडायचं.

ताट भरायचं कुणी? शरणम्मानं. मेसमध्ये एक टॅबलेट टांगला. पहिल्या दिवशी काही केल्या तिचं बोट लागेना. हाताला पीठ, पिठाला पाणी. ती म्हणाली, "तुझ्या डब्याला माझं बोट कळंना की रे." गुंडप्पानं टॅबलेट चुलीपासून काढून हात धुवायच्या नळाजवळ लावला, शेजारी कापड टांगलं, आणि चित्रं सुपारीएवढी होती ती भाकरीएवढी केली. मग पोरी हात धुऊन पुसून स्वतःच बोट ठेवायला लागल्या. तपासून बघायला त्यानं एक जादा चित्र घातलं होतं, सूप. स्वतः जेवला की त्यावर बोट ठेवायचा. सगळं नीट चाललंय ना, एवढंच बघायला.

ज्या दिवशी पान चालू झालं, त्या दिवशी त्यानं स्वतःचा नंबर काढला. खाजामियाँना एक शेवटचा फोन करून पोपटाचं सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा हुआ बेटा. आता तुला बी तरास न्हाई." त्यांना खरंच तसं वाटत होतं. गुंडप्पानं ते ऐकलं आणि "हाव" म्हणाला.

मग मोबाईल वाजायचा बंद झाला. एकदम बंद. दुपारी तो सवयीनं हात धुऊन बसायचा आणि समोरच्या पडद्यावर बघायचा. कुणी आपलं चित्र उघडलं की त्याच्याकडं ते उजळायचं. विळा उजळायचा, केळीचा घड उजळायचा, नमाज झाली की पोपट उजळायचा. क्षणभर, आणि विझायचा. शंभरेक आईबाप येऊन जायचे आणि कुणाला कुणाशी एक शब्द बोलावा लागायचा नाही. चांगल्या बांधलेल्या दारावर कुणी थांबत नाही, आत निघून जातं. सरांनी खूश होऊन पाठ थोपटली. दुसऱ्या क्लासवाल्यांनी तसंच पान मागितलं. गुंडप्पाचं नाव झालं आणि खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

उन्हाळ्यात परीक्षा झाल्या. पोरी पेट्या उचलून गावोगाव गेल्या. निकाल लागला, आरतीचं नाव फलकावर चढलं, जिक्राचं नाही. पण ती युनानी डॉक्टरीला लागली आणि औरंगाबादच्या वसतिगृहात गेली, पोपटाची पेटी घेऊन. मेस अर्धी रिकामी झाली. एकेक चित्र उजळायचं थांबलं. विळा थांबला, घड थांबला.

पोपट थांबला नाही.

गुंडप्पाला आधी वाटलं, यंत्र बिघडलं. पण नाही, रोज नमाजेनंतर पोपट उजळायचा. तिकडं नांदेडला दुकानात बसलेला म्हातारा माणूस रोज बोट ठेवून रिकामं ताट बघत होता. लेक औरंगाबादला हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच? गुंडप्पानं आठवडाभर ते बघितलं. फोन करावा असं रोज वाटलं. काय म्हणून करणार? नंबर तर चुकून राहिलेला, आणि ती चूक आता दुरुस्त झालेली.

शेवटी त्यानं एवढंच केलं. पोपटाच्या पानावर, त्या रिकाम्या ताटाच्या जागी, सुपाचं चित्र घातलं आणि स्वतःचं ताट ठेवलं. मेसवर जेवला, हात धुतले, पुसले, सुपावर बोट ठेवलं. खोलीत येऊन बसला. पोपट उजळला. आणि त्या दिवशी विझायला त्यानं वेळ घेतला. बराच वेळ ते पान उघडंच होतं.

मग ते रोजचं झालं. इकडून ताट भरायचं, तिकडून पोपट यायचा. बोलणं नाही. पावसाळा गेला, नवी पोरं आली, नव्या पेट्या, नवी चित्रं. एकदा गुंडप्पाला ताप आला. अंग मोडून पडला होता. शरणम्माला वाटलं, गावी गेला असेल. दुपार कलली तरी तो उठला नाही. सूप रिकामंच.

उशाशी मोबाईल वाजला. त्याला वाटलं, कंपनीचा. न बघताच कानाला लावला.

"सूपवाल्या," पलीकडून आवाज आला, "आज ताट रिकामं का रे? माझा डबा तसाच ठिवलाय मी."

गुंडप्पाच्या तोंडात सवयीचं 'हाव, जेवलो' आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"न्हाई जेवलो, चाचा," तो म्हणाला.

"हाव? मंग ऊठ. खाली जाऊन त्या शरणम्माला पेज करायला लाव. मी बसलोय इथं पान उघडून."

गुंडप्पा उठला. भिंतीला धरून जिना उतरला. शरणम्मानं त्याचं तोंड बघितलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. आणि या वेळी उत्तराची वाट बघत थांबली.